गाडीचा खर्च आणि डब्यावरचं नाव: पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्यांसाठी

गाडी दारात येऊन आठवडा होत नाही तोच सल्ले सुरू होतात. एक जण सांगतो, ऑइल टाकायचं तर अमुक कंपनीचंच. दुसरा म्हणतो, सगळं एकाच कारखान्यात बनतं, नावाचे पैसे कशाला मोजायचे? दोघंही अगदी ठामपणे बोलतात, पण डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं दोघांपैकी कुणीच वाचलेली नसतात. पहिली चार वर्षं मीही वाचली नव्हती. खाली लिहिलंय ते त्या चार वर्षांनंतर शिकलेलं आहे. जमेल तसं, पण याच क्रमाने करा, कारण पुढच्या पायऱ्या पहिल्या दोनवर उभ्या आहेत.

पायरी १: वही घाला

मोबाइलमधलं अ‍ॅप चालेल, पण मी साधी वही वापरतो. तारीख, मीटरवरचे किलोमीटर, काय केलं आणि किती लागले, असे चार रकाने पुरतात. इंधन भरताना टाकी दर वेळी पूर्ण भरा आणि लिटर लिहा. पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरली की मधल्या किलोमीटरना आताच्या लिटरने भागा, खरं अ‍ॅव्हरेज मिळतं. डॅशबोर्डवरचा आकडा बहुधा थोडा खुशामत करणाराच असतो.

तीन-चार महिन्यांनी वही चाळलीत की एक गोष्ट दिसेल. समजा वर्षाला १२,००० किलोमीटर चालवता आणि गाडी लिटरला १५ देते. म्हणजे ८०० लिटर इंधन झालं. लहान गाडीला एका सर्व्हिसिंगला ऑइल लागतं साधारण साडेतीन-चार लिटर. ऑइलच्या दोन डब्यांमधल्या फरकावर तासभर वाद घालणारे आपण त्या ८०० लिटरकडे बघतही नाही. टायरमधली हवा घ्या. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हिशोबाप्रमाणे चारही टायरमध्ये सरासरी १ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा कमी असेल तर मायलेज सुमारे ०.२ टक्क्याने घसरतं. १० पीएसआयने कमी म्हणजे २ टक्के, आपल्या उदाहरणात वर्षाचे १६ लिटर. त्यात टायरच्या कडा झिजतात त्या वेगळ्या.

वहीत कधीच न येणारा खर्च म्हणजे घसारा, गाडीची घटत जाणारी किंमत. त्याचं बिल कुणी पाठवत नाही, गाडी विकायला काढल्यावरच तो समोर येतो. नव्या गाडीच्या बाबतीत बहुतेक वेळा हाच सगळ्यात मोठा खर्च असतो आणि पहिल्या वर्षी तो सर्वांत वेगाने होतो. म्हणून वर्षाच्या शेवटी सारख्या मॉडेलची, सारख्या वयाची गाडी कितीला जातेय ते बघा आणि तो फरक वहीच्या शेवटच्या पानावर मांडा. विमा, कर, कर्जाचं व्याज हेही तिथेच. मग वर्षभराच्या बेरजेला वर्षभराच्या किलोमीटरने भागा. पहिल्यांदा हा आकडा काढला तेव्हा मी दोनदा बेरीज तपासली होती.

ब्रँडचा सगळा वाद या बेरजेच्या एका कोपऱ्यात चालतो. कोपरा लहान आहे, पण तिथे चुकीचा डबा घेतला तर इंजिन किंवा ब्रेक जाऊ शकतात, म्हणून पुढचा सगळा लेख त्याच कोपऱ्याबद्दल आहे.

पायरी २: मॅन्युअल उघडा

ग्लव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पाकिटात असतं ते. जुनी गाडी घेतली असेल आणि पुस्तिका गायब असेल, तर बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर ती मोफत मिळते. पूर्ण वाचायची गरज नाही. वहीच्या पहिल्या पानावर एवढंच उतरवून घ्या: इंजिन ऑइलचा ग्रेड, मानक आणि ते किती लागतं, कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) मानक, ब्रेक ऑइल कोणतं, टायरचा आकार आणि हवेचा दाब, पेट्रोलचा किमान ऑक्टेन (पेट्रोल वेळेआधी पेटण्याला किती विरोध करतं त्याचा आकडा), स्पार्क प्लगचा नंबर, बॅटरीचा प्रकार. हवेचा दाब ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या अंगावर छापलेला आकडा हा कमाल दाब, तो भरायचा नसतो.

हे एक पान हातात असलं की दुकानात "चांगलं कोणतं?" असं विचारावं लागत नाही, "हे मानक असलेलं द्या" असं सांगता येतं. या दोन वाक्यांना दुकानदार देतो ती उत्तरं फार वेगळी असतात.

पायरी ३: 'ओरिजिनल' म्हणजे नक्की काय ते समजून घ्या

गाडी बनवणारी कंपनी सगळे पार्ट स्वतः बनवत नाही. प्लग एनजीके किंवा डेन्सोकडून, फिल्टर 'मान' किंवा 'माहले' या कंपन्यांकडून, इलेक्ट्रिकचा बराचसा भाग बॉशकडून, असा पुरवठा होतो. डेन्सो तर १९४९ मध्ये टोयोटातूनच वेगळी निघालेली कंपनी. त्यामुळे तोच पार्ट बाजारात दोन डब्यांत मिळू शकतो. एकावर गाडीच्या कंपनीचं चिन्ह, दुसऱ्यावर पार्ट बनवणाऱ्याचं नाव, आणि दुसरा बऱ्याचदा स्वस्त.

माझ्या गाडीचं थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह सांभाळणारी झडप) बदललं तेव्हा मी पुरवठादाराच्या डब्यातलं घेतलं. घरी आणून जुनं आणि नवं शेजारी ठेवलं. साचा तोच, कडेला उठावात असलेला नंबर तोच. फरक एकच, जुन्यावर जिथे गाडीच्या कंपनीचं चिन्ह होतं, तिथे नव्यावर धातू घासून सपाट केला होता. साच्यातून चिन्हासकट बाहेर आलेला पार्ट, चिन्ह घासून दुसऱ्या डब्यात. असा घासलेला ठिपका दिसला की मला बरंच वाटतं.

मात्र यावरून 'सगळं एकाच ठिकाणी बनतं' असा निष्कर्ष काढू नका. एकच कारखाना वेगवेगळ्या गिऱ्हाइकांसाठी वेगवेगळ्या दर्जाचा मालही बनवतो. आणि तिसऱ्या प्रकारचे पार्टही असतात, ज्यांचा मूळ पुरवठ्याशी काहीच संबंध नसतो. त्यांत काही उत्तम असतात, काही नुसतेच दिसायला तसे. चौथा प्रकार म्हणजे नक्कल. नामांकित डब्यात भलताच माल. नक्कल नेहमी मोठ्या नावाचीच होते, म्हणून नाव बघून डोळे झाकून घेणाराच तिच्यात अडकतो. नामांकित वस्तू अर्ध्या किमतीत मिळतेय म्हणजे ती नामांकित नाही असंच धरून चाला. बॅच नंबर, सील, छपाईची अक्षरं बघा, आणि बिल घ्याच.

पायरी ४: इंजिन ऑइल

इथे जरा थांबू, कारण नवख्या माणसाला सर्वांत जास्त घुमवलं जातं ते इथेच.

डब्याच्या पुढे मोठ्या अक्षरात '५डब्ल्यू-३०' असं काहीतरी असतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, आकडा लहान तितकं गार इंजिन सुरू होताना ते लवकर वर पोचतं. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहतं त्याचा. हा झाला ग्रेड. तो दर्जा सांगत नाही, पातळ-दाटपणा सांगतो. "जुनी गाडी आहे, जरा दाट टाका" असा सल्ला कुणी दिला तर मॅन्युअलमधला तक्ता पुढे करा.

दर्जा कळतो मागच्या बाजूला. तिथे एपीआयचा, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा, गोल शिक्का शोधा. पेट्रोल इंजिनासाठी अक्षरं एसने सुरू होतात, डिझेलसाठी सीने. एसनंतरचं अक्षर जितकं पुढचं तितकं मानक नवं. एसपी हे २०२० मध्ये आलं. पेट्रोलच्या बाबतीत नवं मानक जुन्याच्या जागी चालतं, म्हणजे मॅन्युअलमध्ये एसएन असेल आणि डब्यावर एसपी, तर खुशाल घ्या. युरोपीय गाड्यांसाठी एसीईए या तिथल्या गाडी उत्पादकांच्या संघटनेची वर्गवारी असते आणि त्यावर गाडी बनवणाऱ्यांची स्वतःची मान्यता: फोक्सवॅगनचं ५०७ ००, मर्सिडीजचं २२९.५१ वगैरे.

आता बारीक अक्षरं. 'मान्यताप्राप्त' आणि 'यासाठी योग्य' हे दोन शब्द सारखे नाहीत. मान्यता म्हणजे गाडी बनवणाऱ्याने ते ऑइल तपासून यादीत घेतलं. 'योग्य', 'शिफारस', 'अमुक मानकाची पूर्तता' असं असेल, तर तो ऑइल विकणाऱ्याचा स्वतःचा दावा. दावा खराही असू शकतो. पण इंजिनाची वॉरंटी चालू असेल तर मी मान्यतेचाच डबा घेतो.

डिझेल गाडीत धूर गाळणारा फिल्टर असेल तर आणखी एक काळजी. ऑइलमधल्या काही घटकांची राख होते, ती जळून जात नाही, त्या फिल्टरमध्ये साचत जाते. अशा गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, एसीईएच्या सी गटातलं. तिथे कुणी दुकानातलं सर्वांत महागडं, सोनेरी डब्यातलं, पण दुसऱ्याच गटातलं ऑइल ओतलं, तर जास्त पैसे मोजून फिल्टर बंद पाडण्याची सोय केली. ऑइलच्या कितीतरी पट महाग असतो तो. उलट कमी ऐकलेल्या नावाचं, पण बरोबर मानकाचं ऑइल त्या गाडीत निवांत चालतं.

म्हणजे ऑइलमध्ये नावाला किंमत द्यायची की नाही? माझं उत्तर: मानक जुळतंय, शिक्का खरा आहे आणि विकणारा भरवशाचा आहे, एवढं झालं की त्यापुढच्या नावासाठी मी जास्त पैसे देत नाही. जे वाचतात ते ऑइल वेळेवर बदलण्यात घालतो. महाग सिंथेटिक टाकलंय म्हणून दुप्पट किलोमीटर ओढायचे, हा हिशोब चुकीचा आहे. आणि रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालत असेल तर "माझी गाडी फार चालतच नाही" असं म्हणू नका. इंजिन पूर्ण तापण्याआधीच बंद होतं, ऑइलमध्ये पाणी आणि कच्चं इंधन राहतं. मॅन्युअलमध्ये 'कठीण वापर' नावाचा वेगळा तक्ता असेल तर तुम्ही त्याच तक्त्यातले.

पायरी ५: ब्रेक आणि टायर, इथे हात आखडता घेऊ नका

ब्रेक पॅडच्या कडेवर किंवा मागच्या पत्र्यावर बघा. वर्तुळात ई आणि शेजारी ९०आरने सुरू होणारा नंबर असेल, तर तो पॅड संयुक्त राष्ट्रांच्या आर ९० नियमाखाली तपासलेला आहे. या नियमानुसार बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्के इकडे-तिकडे बसायला लागते. काही पॅडांवर 'एफएफ' अशी दोन अक्षरं असतात. पहिलं साध्या तापमानाचं घर्षण, दुसरं तापल्यावरचं. एफ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, ई म्हणजे ०.२५ ते ०.३५. दुसरं अक्षर वर्णमालेत पहिल्याच्या आधीचं असेल, म्हणजे 'एफई', तर उतारावर ब्रेक तापल्यावर पकड कमी होणार. काहीच छापलेलं नसलेला पॅड मी फुकट दिला तरी बसवणार नाही.

ब्रेक ऑइलची गोष्ट वेगळी. डॉट हे अमेरिकेच्या वाहतूक खात्याचं मानक, आणि डॉट ४ म्हणजे डॉट ४, कंपनी कुठलीही असो. नवं असताना उकळबिंदू किमान २३० अंश, ओलावा शोषल्यावर किमान १५५. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून कंपनीपेक्षा डबा ताजा आणि सीलबंद असणं महत्त्वाचं. गॅरेजच्या फळीवर सहा महिने उघडा पडलेला नामांकित डबा घेण्यापेक्षा साध्या कंपनीचा सीलबंद डबा घ्या. बऱ्याच गाड्यांना ते दर दोन वर्षांनी बदलावं लागतं. सिलिकॉनचं डॉट ५ मात्र चुकूनही यात मिसळू नका, नाव जवळचं असलं तरी ती वेगळीच वस्तू आहे.

टायर घेताना अंगावरचे चार आकडे शोधा. ३५२३ म्हणजे २०२३ सालच्या ३५व्या आठवड्यात बनलेला. दुकानात तीन वर्षं पडून असलेला टायर 'नवा' म्हणून विकला जातो, नाव कितीही मोठं असो. आकाराच्या शेवटी ९१व्ही असं काही असतं: ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो भार, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर. मॅन्युअलमध्ये आहे त्याखाली उतरू नका. खाचांमध्ये आडव्या उंच पट्ट्या असतात, रबर त्यांच्या पातळीला आलं की १.६ मिलिमीटर उरलं. मी तिथपर्यंत थांबत नाही, ओल्या रस्त्यावर त्याआधीच फरक कळतो.

टायरमध्ये नावाचे पैसे वसूल होतात का? ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकिंगपुरते, हो. तरी अगदी वरच्या नावावरच जायला हवं असं नाही. मोठ्या कंपन्यांची दुसऱ्या फळीतली नावं असतात: कॉन्टिनेन्टलची सेम्परिट आणि बारुम, मिशेलिनची क्लेबर. रोजच्या गाडीला मला तिथे सर्वांत चांगला सौदा वाटतो. एकाच जोडीत, म्हणजे पुढचे दोन किंवा मागचे दोन, टायर मात्र सारखेच.

पायरी ६: जिथे मानक बघून पुढे जायचं

कूलंटचा रंग हे मानक नव्हे. हिरवं हिरव्यात, गुलाबी गुलाबीत असं करून लोक वेगळ्या रसायनाचं मिसळतात आणि आत गाळ धरतो. मॅन्युअलमधलं मानक जुळवा, बस. तयार पातळ केलेल्या डब्यात निम्मं पाणीच असतं. घट्ट कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं करून घरी मिसळलंत तर पाण्याचे पैसे वाचतात.

बॅटरीचे कारखाने थोडे, लेबलं भरपूर. क्लॅरिओस ही एकच कंपनी वार्टासकट कितीतरी नावांनी बॅटऱ्या बनवते. बघायची ती बनवल्याची तारीख, वॉरंटीचे महिने आणि प्रकार. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणारी गाडी असेल तर तिला एजीएम किंवा ईएफबी (अशाच वापरासाठी बनवलेले बॅटरीचे प्रकार) लागते. साधी बसवली तर लवकर मरते. आणि बॅटरी बदलण्याआधी मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. ते दिसत नसतील तर आधी अल्टरनेटर (चालू इंजिनावर बॅटरी चार्ज करणारा भाग) तपासा, नाहीतर नवी बॅटरीही महिन्यात बसेल.

वायपर, एसीचा फिल्टर, काच धुण्याचं पाणी, शाम्पू: मापात बसेल ते घ्या. एसीचा फिल्टर बऱ्याच गाड्यांत ग्लव्ह बॉक्समागे असतो, बदलायला दहा मिनिटं लागतात. हे गॅरेजच्या बिलात मजुरीसकट दिसलं की मला चिडायला होतं. डॅशबोर्ड चकचकीत करणाऱ्या तेलकट पॉलिशवर पैसे घालूच नका, त्याची तिरीप काचेवर येते.

पायरी ७: जादूच्या बाटल्या

मायलेज वाढवणाऱ्या गोळ्या, चुंबकं, इंधनाच्या नळीला लावायच्या चकत्या यांच्याकडे पाठ फिरवा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून जास्त साधनं तपासली, मायलेजमध्ये लक्षणीय फरक पाडणारं एकही सापडलं नाही. बाटल्यांमध्ये इंजेक्टर (इंधन फवारणारे भाग) साफ करणारी काही औषधं खरंच काम करतात, विशेषतः पॉलिइथरअमाइन असलेली. पण तुमचं इंजिन थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणारं असेल तर इनटेक व्हॉल्व्हवरून (हवा आत घेणाऱ्या झडपांवरून) इंधन जातच नाही, म्हणजे बाटली ओतून ते धुतले जाणार नाहीत.

पेट्रोलमध्ये ऑक्टेन आणि स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडीला लागतो त्याहून जास्त ऑक्टेन भरून साध्या इंजिनाला काहीच मिळत नाही, नाकापेक्षा मोती जड. स्वच्छ करणाऱ्या घटकांचं मात्र तसं नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एएए या वाहनधारकांच्या संस्थेने चाचणी घेतली, तेव्हा 'टॉप टिअर' (साफसफाईचे घटक पुरेसे असल्याचा) दर्जा नसलेल्या पेट्रोलने सुमारे ६,४०० किलोमीटरनंतर सरासरी १९ पट जास्त काजळी धरली. म्हणून महागडं 'प्रीमियम' सोडा आणि चांगले साफसफाईचे घटक असलेलं साधं पेट्रोल भरा.

पायरी ८: गॅरेजमध्ये

गाडी देताना तोंडी काही ठरवू नका. काय बदलणार, कोणत्या कंपनीचं, कोणत्या नंबरचं, हे आधी कागदावर घ्या. "इंजिन फ्लश", "इंजेक्टर क्लीनिंग", "थ्रॉटल बॉडी सर्व्हिस" अशा ओळी आपोआप उगवतात. मॅन्युअलच्या तक्त्यात त्या किलोमीटरला हे काम आहे का, एवढं विचारा. वॉरंटीत काय बसतं आणि बाहेर सर्व्हिसिंग केल्यावर काय होतं, ते वॉरंटीच्या पुस्तिकेत वाचा, काउंटरवरच्या माणसाकडून ऐकू नका. जुने पार्ट परत मागा, आणि ही मागणी काम झाल्यावर नाही, सुरू होण्याआधी करा.

एकदा मी सर्व्हिसिंगला गाडी देण्याच्या आदल्या रात्री सहज म्हणून एअर फिल्टरच्या प्लास्टिकच्या कडेवर मार्करने तारीख लिहिली. दुसऱ्या दिवशी बिलात 'एअर फिल्टर, ओरिजिनल' अशी ओळ होती आणि शेजारी बऱ्यापैकी रक्कम. तिथेच बॉनेट उघडायला लावलं, चार क्लिपा काढल्या, आणि माझंच तिरकं अक्षर माझ्याकडे बघत होतं. समोरचा मुलगा म्हणाला, "साहेब, फुंकर मारून साफ केला, चांगला होता म्हणून परत बसवला." ओळ खोडली गेली, रक्कम कमी झाली. फिल्टर खरंच चांगला होता, त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. फक्त पैसे नव्याचे लावले होते.

आता एअर फिल्टर, ऑइल फिल्टर, बॅटरी आणि प्रत्येक पॅडच्या मागच्या पत्र्यावर मी बसवल्याची तारीख आणि किलोमीटर लिहितो. वहीत त्याच दिवशी तेच आकडे जातात.